लॉजसमोरची म्हैस

मी अक्काताई नेमिनाथ चौगुले, वय ६४, धंदा लॉज चालवणे, राहणार जुना कोल्हापूर-सांगली रस्ता, जयसिंगपूरच्या अलीकडे. ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, काल दिलेली म्हैसचोरीची तक्रार मला मागे घ्यायची आहे.

माझ्या लॉजसमोर चौथऱ्यावर सिमेंटची काळी म्हैस आहे. माझ्या मालकांनी लॉज बांधला तेव्हा हौसेने करून घेतली. मालक आता नाहीत. नवा रस्ता झाल्यापासून गिऱ्हाईक घटले. नृसिंहवाडीला जाणारे भाविक तेवढे म्हैस बघून गाडी वळवतात, पाटी कोणी वाचत नाही. पुण्याचा माझा मुलगा अनेकांत लॉज विकायचा म्हणून मागे लागला होता. तीच बोलणी करायला तो दिवाळीच्या पाडव्याला येणार होता. मला विकायचा नव्हता व नाही.

पाडव्याला पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आले, तर चौथरा रिकामा. मला रडू कोसळले. मग इथे येऊन तक्रार दिली.

अनेकांत दुपारी उशिरा आला. लॉज न दिसल्याने तो पार जयसिंगपुरात जाऊन मागे फिरला होता. याच लॉजमध्ये तो लहानाचा मोठा झाला. मला मनातून बरे वाटले.

संध्याकाळी हलगी वाजत आली. ट्रॉलीत माझी म्हैस, शिंगे गुलाबी, डोक्याला मोरपिसे. पुढे समोरचा दूधवाला गुंडू खोत नाचत होता. मी म्हणाले, "न विचारता नेलीस व्हय रे?"

"इचारलं की अक्का! माझी म्हस आजारी हाय. पाडव्याला म्हस मिरवली न्हाय तर गावात तोंड कसं दावायचं? तुमी हात वर करून व्हय म्हनलासा न्हवं!"

त्याने विचारले होते हे खरे. तो पाडव्याचा आदला दिवस, महावीर निर्वाणाचा, माझे मौन होते. "आज नको, उद्या ये" अशा अर्थाने मी हात केला होता. गुंडू तालमीची पोरे घेऊन "उद्या" आला, तेव्हा मी बस्तीत होते.

सगळी मिरवणूक चहाला आत शिरली. म्हैस चौथऱ्यावर चढवायला अनेकांतनेही खांदा दिला. विक्रीचा विषय त्याने काढला नाही. आज सकाळी म्हणाला, "आई, म्हशीवर एक लाईट लावूया. रात्रीची माणसं चुकत असतील."

गुंडूवर माझा राग नाही. हवालदारांनी हा जबाब मोठ्याने वाचला. कालच्या तक्रारीतल्या "म्हशीचा रंग काळा" यापुढे "शिंगे गुलाबी" एवढे मी वाढवून घेतले. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.