दर वेळी नवा पत्ता सांगणारा लॅपटॉप

अगं, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारची गंमत सांगते. लेक बंगळुरात, लग्नानंतरचं तिचं पहिलंच व्रत. म्हणाली, "आई, कहाणी तुझ्याच तोंडून ऐकेन, मगच जेवेन."

नेमका माझा फोन दुरुस्तीला, हे तळोज्याला शिफ्टवर. उरला जुना लॅपटॉप. लेकीनेच त्यात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकून दिलेलं. वायफाय शेजारच्या नाईककाकांचं. काका शिस्तीचे, ज्या लॅपटॉपचा पत्ता, म्हणजे वायफायला दिसणारा त्याचा ओळखक्रमांक, राऊटरमध्ये नोंदवलाय, त्यालाच आत घेतात. माझा कालच नोंदवला होता, तरी लागेना.

काकांनी पाहिलं. "वहिनी, हा पत्ता वेगळाच आहे. दुसरा लॅपटॉप आणलात?"

"नाही हो, तोच!"

त्यांनी पुन्हा नोंदवला. मी बंद करून चालू केला, तर पत्ता पुन्हा वेगळा.

"राहू द्या, उद्या बघू."

"पोर उपाशी आहे, काका. उद्या कसं चालेल?"

देवीला हात जोडले आणि सेटिंगचं एकेक पान उघडत बसले. शेवटी सापडलं! तिथे दर वेळी नवा पत्ता देण्याचं ठरलेलं होतं. मी 'कायमचा' निवडला, काकांनी नोंदवला आणि लेक पडद्यावर आली.

"अगं आई, ते मुळातच तसं येतं. कुणी आपला माग काढू नये म्हणून."

"असेल बाई. पण संकल्पात दर वेळी नवं नाव सांगितलं, तर देवी प्रसाद कुणाला देणार?"

"आई, कहाणी वाच ना, भूक लागलीय!"

वाचली. मग लॅपटॉपलाही हळदकुंकू लावलं आणि बजावलं, "घेतलेलं नाव आता टाकायचं नाही, बरं का."