संयोगिताचे बूट चोरीस गेल्याबाबत

मी, उदयसिंह हंबीरराव चौगले, वय ४६, धंदा म्हशी पाळणे व घरोघरी दूध घालणे, राहणार मंगळवार पेठ, तालमीच्या मागे, कोल्हापूर. मुरगूड पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी वर्षाराणी व मुलगी संयोगिता, वय १७, यांच्यासह राहतो. संयोगिता आमच्या तालमीच्या मुलींच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळते. अख्ख्या पेठेत तिच्यासारखी किक कुणाची नाही. हे मी बाप म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा. आज मुरगूडच्या मैदानावर आमची सेमीफायनल होती. पलीकडची तालीम, म्हणजे आमचे जुने वैरी, फायनलला आधीच पोचली आहे. संयोगिता आज खेळली नाही तर फायदा कुणाचा, हे साहेबांनीच बघावं.

संघातल्या बाकीच्या पोरी टेम्पो ट्रॅव्हलरनं आल्या. मी माझ्या मुलीला त्यात बसवलं नाही. मॅचच्या आधी कोण काय खायला-प्यायला घालील, भरवसा नाही. म्हणून सकाळचं दूध घालून झाल्यावर माझ्या पिकअपमधून तिला घेऊन निघालो. मागं दुधाचे रिकामे कॅन होते. पाणीसुद्धा घरचंच घेतलं. निघताना चौकात गाडी थांबवून तिला तिचा डिजिटल फलक परत एकदा दाखवला. तो मीच लावलाय. वर तिचा फोटो आणि खाली 'पेठेची वाघीण, मुरगूड गाजवणार'. एकदा फलक लागला की माघार नाही, ही आमच्याकडची रीत. तिनं फलकाकडं बघितलं आणि "चला पप्पा" एवढंच म्हणाली. मॅचच्या दिवशी ती कमीच बोलते.

कागलची पंचतारांकित एमआयडीसी मागं टाकल्यावर चहाला थांबलो. मी गाडीतच बसून चहा पिणार होतो. पण मुलगी म्हणाली, तुम्ही हॉटेलात बसून निवांत प्या, मी गाडीपाशी थांबते. त्याप्रमाणे गेलो. परत येऊन बघतो तर गाडीच्या मागच्या बाजूला विश्वजित उभा, आणि मुलगी त्याच्याशी हळू आवाजात बोलतेय. विश्वजित हा पलीकडच्या तालमीचा जुना खेळाडू. गुडघ्यातनं गेलाय, आता लंगडत लंगडत त्यांच्या पोरींना शिकवतो. मी म्हणालो, "काय पावणं, आमच्या गाडीपाशी काय काम काढलं?" तो म्हणाला, "काय न्हाय दादा, मॅच बघाय चाललोय, चहाला थांबलोय." जाताना त्यानं मुलीकडं वळून बघितलं. तिनं मान खाली घातली. माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला.

मैदानावर पोचून बॅग उघडली. जर्सी, मोजे, नडगीची पॅडं सगळं जागच्या जागी. स्टडचे बूट तेवढे गायब. घरातून निघताना ते मी माझ्या हातानं बॅगेत घातले होते. मी सगळी गाडी उलथीपालथी केली. सीट उचकटली, पेंडीचं पोतं रितं केलं. कॅन तेवढे उघडले नाहीत. दुधाच्या कॅनात पायातली वस्तू आमच्या घरात कुणी घालणार नाही, म्हणून तिकडं बघण्याचा प्रश्न आला नाही.

संघातली सुहाना मोहसीन मुल्ला ही राखीव खेळाडू. तिनं आपल्या पायातले बूट काढून पुढं केले. दोघींचं माप एकच आहे, ईदला एकमेकींच्या चपला घालून हिंडतात. तरी संयोगिता म्हणाली, "मला व्हत न्हाईत." सुहाना नुसती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या मुलीच्या जागी हीच खेळणार होती, त्यामुळं बूट द्यायचं नाटक करते की काय, असा माझा तिच्यावरही संशय होता.

एवढ्यात विश्वजित मैदानाच्या कडेला दिसला. मी जाऊन त्याची गचांडी धरली आणि बूट कुठं घातलेस म्हणून विचारलं. तो म्हणाला, "दादा, मी बुटाला हात लावलेला न्हाय. पोरीला इचारा की." मी म्हणालो, "माझ्या पोरीचं नाव घेतोस व्हय रं?" आणि कानाखाली दिली. त्यानं हात उचलला नाही. माझ्यापेक्षा धिप्पाड गडी, तरी उचलला नाही. याचाही मला संशय आला. पुढं मी त्यास जे बोललो ते कागदावर घेता येत नाही असं हवालदारसाहेब म्हणाले, म्हणून गाळलं आहे. बंदोबस्तावरच्या पोलिसांनी आम्हा दोघांना इथं आणलं. तरी माझी विश्वजित याच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.

इथपर्यंत टाईप करून झालं असता महिला पोलीस माझ्या मुलीला आत घेऊन आल्या. ती भिंतीला धरून चालत होती. उजवा पाय टेकवत नव्हती. बरेच दिवस ती गाडीत चढताना माझा खांदा धरते, मला वाटायचं लाडात येते. रात्री हळद घालून दूध मागायची, मला वाटलं पोरगी मॅचसाठी ताकद कमावते.

मुलगी सर्वांसमक्ष म्हणाली, "पप्पा, विश्वजितदादांना सोडा. बूट मीच कॅनमध्ये टाकलेत. कडंच्या कॅनमध्ये. त्यांनी बघितलं, मी त्यांना शपथ घातली." मी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "गुडघा सुजलाय. सुहानाला ठावं हाय." मी म्हणालो, मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "सांगणार हुतो की. पण त्याच दिवशी तुमी फलक लावून आला. पेढं वाटत हुता."

विश्वजित बाकावर बसून होता. तो म्हणाला, "माझा बी फलक लागलता दादा. म्हणून इंजेक्शन घेऊन खेळलो."

मुलगी म्हणाली, "कॅन मी घासून देतो पप्पा, रागावू नका." तिला गुडघ्याची नाही, कॅनची भीती वाटत होती. मला तिथंच रडू आलं. हे लिहू नका असं मी म्हणालो, पण साहेबांनी लिहिलं.

तरी माझी विश्वजितविरुद्ध काही तक्रार नाही. त्याची माझ्याविरुद्ध असल्यास ती मला मान्य आहे. साहेबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आधी पोरीला डॉक्टरकडं न्या." वर लिहिलेले माझे संशय खोडू का, असं साहेबांनी मला विचारलं. राहू द्या म्हणालो.

कोल्हापुरात गेल्यावर फलक मी स्वतः उतरवणार आहे. बूट अजून कॅनातच आहेत. हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. गाळलेलं सोडलं तर मी बोललो तसंच उतरलंय, एक शब्द इकडचा तिकडं नाही. सही करतो आणि उठतो, मुलीला गाडीपर्यंत उचलून न्यायचं आहे.