सर्व्हरची खंडेनवमी

हसू नकासा. त्या दिवशी आमच्या मॅनेजरला, आबांना, मी हाणायचाच राहिलो.

दूध संघातला सर्व्हर मीच बघतो. गावोगावच्या काट्यावर दूध मोजलं की त्याची नोंद त्याच्यातनंच डेटाबेसला जाती. त्याला माऊस-बिऊस काय न्हाय, काळ्या पडद्यावर कमांड टाईप करायची. चालू करायची एक आणि बंद करायची एक, अशा दोन कमांड मीच कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेल्या.

खंडेनवमीला सकाळीच सगळ्या गावांचे फोन, "नोंद घेईना!" आबांना फोन लावला, तर म्हणाले, "सर्व्हर झ्याक हाय की. आत्ताच हळद-कुंकू वाहिलंय."

कागलातनं गाडी हाणत आलो. दारात दुधाच्या टेम्पोंची रांग, आणि आत कीबोर्डवर झेंडूची फुलं! स्टेटस बघितलं, तर कुणीतरी रीतसर कमांड देऊन सर्व्हर बंद केलेला.

"आबा, हे कुणी केलं?"

"मीच की! कागद बघून, एक अक्षर न चुकता."

"पण का?"

"हत्यारं पूजेला ठेवल्यावर कोण चालवतंय व्हय? उद्या दसऱ्याला सुरू करूया."

माझं डोस्कंच फिरलं. फुलं बाजूला सारली आणि चालू करायची कमांड मारली.

"आरं, पूजा मोडलास!" आबा वरडले.

मी त्यांच्या वरताण वरडलो, "आणि म्हशींस्नी सांगितलंसा काय, आज खंडेनवमी हाय, दूध देऊ नका म्हणून?"