पेपरातली काठी

(शिरूरजवळची वस्ती, धुरपदाचा ओटा. अनिस गावात पेपर वाटतो आणि त्याच पेपराला बातम्याही धाडतो, त्यामुळे बिचारा शिव्या दोन्हीकडून खातो.)

अनिस: आवो वैनी, चार येळा वाचून दावलं की.

धुरपदा: पाचव्यांदा वाचा. मला आयकायचंय.

अनिस: "तान्हुल्यासाठी बिबट्याशी झुंजली! पाळण्यातील चिमुकल्याचा टाहो कानी पडताच हर्षदाने काठी उचलली आणि..."

धुरपदा: थांबा. पाळणा कुठाय आमच्यात? कोकरू हुतं ते! बिबट्यानं मेंढी मारली, कोकराकडं फिरला, तवा मी त्याच्या तोंडावर घोंगडी टाकली. काठीला हात सुदीक लावला न्हाई. काठीनं जनावर चवताळतं, घोंगडीनं आंधळं हुतं. मेंढरामागं हिंडायचो तवा माझ्या बानं शिकवलेलं. आन् ही माझी धाकली जाऊ हर्षदा कुठं हुती? घरात, आतनं कडी लावून!

अनिस: मला सांगताय व्हय? त्याच दिशी मी आसंच लिहून पाकीट यष्टीनं पुण्याला धाडलं. तुमचं नाव, घोंगडी, मेंढी, समदं.

धुरपदा: मग?

अनिस: मग काय, टाकलं टोपलीत. म्हणं, मेंढी मेल्याची कसली बातमी? आन् दोन दिसांनी त्यांचाच मानूस जीप घिऊन हजर, रविवारच्या पुरवणीसाठी. तुम्ही गेलावता शिरूरला इंजेक्शनं घ्यायला. हितं हर्षदा. तरणी, बारावी झालेली, फोटूत उठून दिसती. कोपऱ्यातली काठी दिली हातात आन् काढला फोटू. वर त्याचं नाव ठळक अक्षरात. मी इतकी वर्सं बातम्या धाडतोय, पर माझं कवा नाव न्हाई. नुसतं 'वार्ताहराकडून'.

धुरपदा: म्हंजी तुमाला बी झोंबलंय.

अनिस: झोंबंल न्हाई तर काय!

धुरपदा: तर मग चुकलं म्हणून छापा की.

अनिस: बूथवरनं फोन लावला मी. म्हणाले, पुण्यातल्या बाया वाचून रडल्या. आता चूक कबूल केली तर पेपरची अब्रू जाती. लईच आग्रह आसंल तर आतल्या पानावर, टेंडर नोटिशीखाली दोन वळी टाकू.

धुरपदा: पेपरला अब्रू हाय, मला न्हाई! आवो, आमचं मालक तिथं हुतं. मेंढीचं मढं त्यांनीच उचललं. आन् काल पावण्यांना काय सांगावं? "आमच्या हर्षदानं काठी आशी गरागरा फिरवली!" आन् मी तिथंच चहा देत हुते. माझा भाऊ कुरकुंभवरनं शिफ्ट करून आला, झोप सुदीक न घेता, हातात नवं लुगडं. मला वाटलं मलाच. तिला दिलं वो! ज्या बहिणीला त्यानं ल्हानपणी मेंढरं राखताना बघितलं, ती सोडून पेपरवर भरोसा. जळती मी, अनिसभाऊ. तिचं लुगडं दोरीवर वाळत दिसलं तरी तोंड फिरवून जाती मी.

हर्षदा: आक्का, येऊ का?

धुरपदा: या या. फोटूवाला न्हाई आला अजून.

हर्षदा: सासूबाईंनी पाठवलंय. रविवारी दौंडला पेपरवाल्यांचा मेळावा आहे ना, तिथं सत्कार ठेवलाय. पारंपरिक वेषात या म्हणालेत. तर... तुमची घोंगडी मागितलीय.

धुरपदा: घोंगडी? नाव नेलंस, लुगडं नेलंस, आता घोंगडी? त्याच्या नखानं फाटलीय ती. तिच्याखाली माझा हात फाटलाय. न्हाई द्यायची.

हर्षदा: नका देऊ. मला जायचंच नाहीये.

धुरपदा: नखरं नकं करू.

हर्षदा: बाळाला घेऊन या म्हणालेत, आक्का.

अनिस: कुणाच्या?

हर्षदा: माझ्या. मी त्या माणसाला तुमचं नाव सांगितलं होतं. कोकरू होतं, हेही सांगितलं. मी भ्याले, कडी लावली, तेही सांगितलं. तो हसला नुसता आणि म्हणाला, काठी जरा वर धरा. बाळ त्यानं मनानंच घातलं. लग्नाला चार वर्षं झाली माझ्या, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरी येईल ती बाई विचारते, बाळ कुठंय? मुंबईच्या मावशीनं टोपडं-झबलं पाठवलंय, "कळवलंसुद्धा नाहीस" म्हणून. तुम्ही माझ्या एका फोटोवर जळता. मी तुमच्या दोन पोरांवर रोज जळते, आक्का.

अनिस: वैनी, कोकरू वरडतंय.

धुरपदा: वरडणारच. आई गेली त्याची. माझा पदर तोंडात घेतल्याबिगर गप ऱ्हात न्हाई. ये रं, ये. अनिसभाऊ, दौंडात फोटूवालं किती येतील?

अनिस: पुण्याचं समदं येत्यात. संपादक सुदीक.

धुरपदा: हर्षदा, ती घोंगडी घे वलणीवरची.

हर्षदा: नको आक्का, मी खरंच...

धुरपदा: घे म्हणती ना. आन् तिच्यात ह्ये कोकरू गुंडाळ. स्टेजवर बाळ कुठंय म्हणून इचारलं, की घोंगडी उघडायची आन् फोटूवाल्यांपुढं धरायची. तोंडानं येक शब्द बोलू नगंस.

अनिस: तौबा! संपादकाच्या मांडीवरच टाका की. ह्ये तरी छापावंच लागंल त्यांना.

धुरपदा: आन् त्ये माझ्या भावानं दिलेलं लुगडं काढून ठेव. रविवारी मी नेसणार हाय.

हर्षदा: नेसा की. पण रविवारीच का? तुम्हीपण येताय?

धुरपदा: मग? त्ये कोकरू माझ्याबिगर कुणाकडं गप ऱ्हातंय व्हय?