छागलीतलं पाणी

उन्हाच्या गप्पा काय मारता, माझं ऐका. इंग्रजांचं राज्य होतं. ऐन वैशाखात साहेबाला अर्ज द्यायला मी बुटीबोरीहून बैलगाडीनं नागपूरला निघालो.

भर दुपारी गाडीवान मारुती म्हणाला, "मालक, लिंबाखाली थांबू. बैल धापा टाकून राह्यले."

"काहून गा? कचेरी बंद होईल. हाक!" म्हणत मी गाडीला टांगलेल्या छागलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

कोसभरानं एक बैल बसला. त्याच्या डोक्यावर ओलं पोतं टाकायला मारुतीनं छागल काढली, तर रिकामी.

"मालक, हे पाणी त्याचं होतं," तो म्हणाला. "मी सकायपासून घोटभर नाही प्यालो."

बैल उठला नाही. मी पायीच कचेरी गाठली.

शिरस्तेदार म्हणाला, "साहेबाले ऊन सोसत नाही. ते थंड हवेले पचमढीले गेले. पाऊस लागल्यावर या."