भाऊबीजेचं ताट

दिवाळी नुकतीच सरली होती. भिवंडीत डॉक्टरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी नणंदा-भावजया बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर तिची तीन वर्षांची मुलगी तापानं झोपलेली.

"वन्सं, आईंना आता सांगून टाकूया."

"काय सांगू, वहिनी? माझा नवशा नवसाचा न्हाय, तुझ्या बीजाचा हाय म्हणून?"

"हळू बोला."

"पोटात तर मीच वाढवला ना त्याला."

"मी कुठं न्हाय म्हणते? मुंबईच्या डॉक्टरनं माझं बीज काढून तुम्हाला दिलं, तिथंच माझा हक्क संपला. पण आई हिला त्याची नवरी म्हणतात."

"मामाची पोरगी भाच्याला करायची, आपल्याकडं रीतच हाय. म्हातारी गंमत करते."

"गंमत न्हाय. सगळ्या भावकीसमोर शब्द दिलाय त्यांनी."

"दादा काय बोलला?"

"त्यांना तर सगळं ठाऊक. मान खाली घातली आणि लूमवर कामाला निघून गेले."

"सांगितलं तर गाव माझ्या पोराला कुणाचा म्हणेल, वहिनी?"

"म्हणून तर भाऊबीजेला हिच्या हातात ताट दिलं. एकदा ओवाळलं असतं तर तो भाऊ ठरला असता."

"बघितलं मी."

"आईंनी ताट हिसकावून घेतलं. म्हणाल्या, होणाऱ्या नवऱ्याला कुणी भाऊ म्हणून ओवाळतं का? सगळं घर हसलं. तुम्ही पण हसलात, वन्सं."

"रडले असते तर आईनं कारण विचारलं असतं."