उपाशी पिल्लांची मांडी

...पुन्हा नवी पिल्लं येणार म्हणजे मी मेलोच! तुम्हाला सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं, खोटं असेल तर जीभ झडो... बरं, झडायला नको, एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल; पण कंबर मोडलीय ती शंभर टक्के खरी, आणि ती कशापायी? कोंबडीच्या मांडीपायी!

मी प्रयोगशाळेतली खुराडी सांभाळतो. आमच्या बाई, माझ्या लेकीच्या वयाच्या, तिथं डॉक्टरेट करतायत. विषय काय? तर वाढत्या पिल्लाच्या मांडीत प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात, पिल्लू उपाशी राहिलं की त्यांची जनुकं खडबडून जागी होतात, आणि मांडी आतून पोखरायला सुरुवात! "काका, पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःलाच खातं." म्हटलं, बाई, तुमची काकू माहेरी गेली की मी हा प्रयोग घरीच करतो!

तर एक खुराडं पोटभर खाणारं, शेजारचं उपाशी, मध्ये नुसती जाळी. ही अक्कल बाईंच्या मार्गदर्शक सरांची. "शेजारी ठेवा हो, ऊब सारखी, उजेड सारखा!" ठेवली. मांड्या तपासल्या, तर दोन्हीकडचे एन्झाइम गाढ झोपलेले! फरक शून्य! पुन्हा पिल्लं आणली, पुन्हा शून्य, बाईंची पदवी लटकली, आणि सर काय म्हणतात? "वा! भुकेचा परिणामच होत नाही! नवा शोध! छापून टाका!" बाईंचा चेहरा एवढासा. "काका, उद्या हे खोटं निघालं तर तोंड कुठं दाखवू हो?" ...आणि हे सगळं कोंबडीच्या मांडीपायी!

उपाशी खुराड्यापुढं बसून त्या मुळूमुळू रडतायत, मी झाडतोय, आणि टक्! दाणा थेट त्यांच्या चष्म्यावर! बघतो तर काय, शेजारची जेवणारी मंडळी खातात कमी, उकरतात जास्त. पाय मारला की अर्धं खाद्य जाळीतून पलीकडे! आणि पलीकडचे उपाशी? मान खाली घालून निमूट फस्त! तुम्हीच सांगा, असल्या उपासानं कुणाची मांडी झिजेल?

बाई हसल्या, पुन्हा रडल्या, आणि तरातरा सरांकडे. भांडून मुदत वाढवून घेतली. सर खाली आले, वाकून बघितलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी."

आता मध्ये फळ्या ठोका, नवी पिल्लं वाढवा... कोण? मीच! कोंबडीच्या मांडीपायी!

बाकी सगळं खरं हो. ते "चूक माझी" तेवढं माझ्या पदरचं... सर म्हणाले, "जाळी कुणी लावली होती?" आणि माझ्याकडे बघत राहिले.